एकाच सूर्याखाली

नोकरीच्या काळात मनुष्य प्रवास करतो तो बहुधा कामासाठी, आणि गाडीत बसल्यापासून परतीच्या वेळेवर त्याची नजर असते. सेवानिवृत्त माणसाचे तसे नाही. हजेरीपटावर सही करावयाची नाही, घंटा वाजावयाची नाही. वाटेत एखादे झाड आवडले तर त्याखाली घटकाभर बसण्यास कोणाची आडकाठी नाही. आम्ही उभयतांनी आयुष्यभर बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतील शाळांत मुलांना शिकविले. जगाच्या नकाशावर छडी ठेवून ‘हा पाहा बुटासारखा देश, तो इटली’ असे आम्ही किती वर्गांना सांगितले असेल याची गणती नाही. तो बूट प्रत्यक्ष पाहण्याचा योग २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात आला.

या साप्ताहिकाच्या वाचकांपैकी काहींनी रोमची यात्रा केली असेल, आणि संत पेत्राच्या महामंदिराचे वर्णन तर पुष्कळांनी ऐकले असेल. ते आम्ही पुन्हा करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते रोमच्या दक्षिणेस व उत्तरेस असलेल्या चार ठिकाणांविषयी. त्यांपैकी तीन ठिकाणांचा आपल्या मराठी मुलखाशी संबंध आहे आणि चौथ्याचा आपल्या नित्याच्या प्रार्थनेशी. जागतिक शांती हा शब्द आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. तो शब्द घरगुती भाषेत कसा बोलावा, हे आम्ही या चार ठिकाणी थोडेसे शिकलो.

शेजारच्या घरचा निरोप

बेळगावच्या माणसाला मराठा लाइट इन्फंट्रीची ओळख करून देण्याचे कारण नाही. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली, आणि १९२२ पासून रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. पहाटे धावणाऱ्या जवानांच्या बुटांचा आवाज ऐकत या शहराच्या कित्येक पिढ्या जाग्या झाल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटच्या पलटणी इटलीत लढल्या. त्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक होते. त्यांपैकी ५,७८२ जणांनी तेथे देह ठेवला. घायाळ व बेपत्ता धरून हा आकडा २३,७२२ इतका होतो. इटलीच्या भूमीवर एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतील ६ भारतीय सैनिकांनी मिळविले.

हे आकडे पुस्तकात वाचावेत, आणि त्यांतील एक आकडा आपल्या शेजारच्या घरात राहत असावा, असे आमचे झाले. आमच्या घराला लागून एका मराठा कुटुंबाचे घर आहे. आमची विहीर सामाईक, गणपतीचे मोदक आमच्या घरी आणि नाताळच्या करंज्या त्यांच्या घरी, असा तीन पिढ्यांचा घरोबा आहे. त्या घरातील आक्का आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे थोरले चुलते पलटणीतून इटलीत गेले आणि मे १९४४ मध्ये कासिनोच्या लढाईत बेपत्ता झाले. मुलगा सापडत नाही एवढीच तार आली. मेला असे कोणी सांगितले नाही, म्हणून त्यांच्या आईने अखेरपर्यंत त्यांचे श्राद्ध होऊ दिले नाही. जेवणाच्या वेळी दारात पाऊल वाजले की ती म्हातारी उठून पाहावयाची, असे आक्का सांगतात.

आम्ही इटलीस जाणार हे कळल्यावर आक्का एका संध्याकाळी आल्या. पदरात मातीची पणती, एक वात आणि लहान बाटलीत तेल. त्या म्हणाल्या, “बाई, गुरुजी, तुम्ही तिकडं जाताच आहात, तर आमच्या काकांच्या नावापुढं एवढी पणती लावून या की. आजीचा जीव त्यातच अडकला होता. घरातलं कुणी जाणार नाही आता. तुम्ही गेलात म्हणजे आम्हीच गेल्यासारखं आहे.”

पणती आम्ही साड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवली. तिच्याबरोबर बेळगावच्या कुंद्याचे दोन डबे होते. ते कोणासाठी, ते पुढे सांगू.

कासिनोची टेकडी

रोमहून आगगाडीने आग्नेयेस दोनेक तासांत कासिनो येते. गावाच्या माथ्यावर उंच डोंगर, आणि डोंगराच्या शिखरावर संत बेनेडिक्ट यांचा मठ. सहाव्या शतकात, सुमारे ५२९ साली, त्यांनी तो स्थापन केला. पाश्चात्त्य देशांतील मठवासीयांचे हे जणू माहेरघर. प्रवेशद्वारावर लॅटिनमधील एकच शब्द आहे: ‘पाक्स’, म्हणजे शांती. याच दारापुढे १९४४ सालच्या जानेवारीपासून मेपर्यंत चार मोठ्या लढाया झाल्या. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठावर बॉम्ब टाकून त्याचा ढिगारा केला. शत्रू मठात दडला आहे अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या वेळी आत होते ते काही मठवासी आणि आश्रयाला आलेले गावकरी. त्यांतील पुष्कळजण भिंतींखाली गाडले गेले.

त्याआधी काही महिने, १९४३ च्या शरद ऋतूत, युलियुस श्लेगेल नावाच्या जर्मन सैन्यातील एका अधिकाऱ्याने मठाधिपतींना संकटाची सूचना दिली आणि मठातील ग्रंथ व कलावस्तू लष्करी मोटारींतून सुरक्षित स्थळी हलविण्याची व्यवस्था केली. म्हणून ते ग्रंथ आज शिल्लक आहेत. युद्धात माणसाचा गणवेश कोणता, एवढ्यावरून त्याच्या हृदयाची पारख होत नाही, ही गोष्ट आम्ही तेथे मनाशी नोंदवून ठेवली. मठ पुन्हा जसाच्या तसा बांधला गेला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनःपवित्रीकरण केले आणि त्याच वेळी संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रकुलाची युद्ध-स्मशानभूमी आहे. तेथे ४,२७१ जणांच्या समाध्या असून त्यांतील २८४ जणांची नावे कोणालाच माहीत नाहीत. सर्व शिळा एकाच उंचीच्या. अधिकारी आणि शिपाई, गोरा आणि काळा, हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असा उंचसखलपणा येथे नाही. ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा चार हजारांहून अधिक जणांची नावे मध्यभागीच्या स्मारकाच्या उंच संगमरवरी शिळांवर, पलटणीवार कोरलेली आहेत.

आम्ही मराठा पलटणीच्या नावांपुढे उभे राहिलो. रोमन अक्षरांत का होईना, आपल्या ओळखीची आडनावे त्या परक्या आकाशाखाली ओळीने उभी होती. जणू शाळेत हजेरी घ्यावयाची आहे आणि मुले वर्गात आहेत. आमच्यापैकी एकाने ती नावे हळू आवाजात वाचावयास सुरुवात केली, आणि तेराव्या की चौदाव्या नावावर आवाज थांबला. आक्कांचे काका तेथे होते.

पणती लावली, परंतु वाऱ्याने ती दोनदा विझली. तेवढ्यात स्मशानभूमीतील माळी आमच्याकडे येताना दिसला. मनाई करणार असे आम्हांस वाटले. तो जवळ आला, पणतीकडे पाहिले, नावाकडे पाहिले, आणि काही न बोलता डोक्यावरची टोपी काढून वाऱ्याच्या बाजूने आडोसा धरून उभा राहिला. तेल संपेपर्यंत तो तसाच उभा होता. नंतर खुणांनी व थोड्या इंग्रजीने त्याने सांगितले की त्याचा बापही हेच काम करीत असे. आम्ही त्या नावावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. लहान मुले नाण्याचा ठसा घेतात त्याप्रमाणे. तो कागद आम्ही प्रार्थनापुस्तकात जपून ठेवला.

जवळच कायरा येथे जर्मन सैनिकांची स्मशानभूमी आहे. तेथे वीस हजारांहून अधिक जण विसावले आहेत. आम्ही तेथेही गेलो आणि एक जपमाळ म्हटली. आक्कांच्या काकांना ज्याने मारले तो कदाचित तेथेच असेल. त्याचीही आई कोठेतरी दारातल्या पावलांचा कानोसा घेत बसली असेल.

आर्नो नदीच्या काठचा कोल्हापूरकर

कासिनोहून रोममार्गे आम्ही उत्तरेस फ्लॉरेन्सला गेलो. लोक तेथे चित्रे व पुतळे पाहण्यासाठी जातात. आम्हीही ते पाहिले. परंतु आमचे खरे लक्ष होते शहराच्या पश्चिमेस असलेल्या काशीने नावाच्या विस्तीर्ण उद्यानाकडे. त्या उद्यानाच्या शेवटच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, भारतीय धाटणीची एक छत्री आहे आणि तिच्याखाली एका तरुण राजपुरुषाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८७० साली ते विलायतेस गेले होते. परत येताना फ्लॉरेन्समध्ये त्यांना आजाराने गाठले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी अवघ्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. बरोबरच्या मंडळींपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. धर्माप्रमाणे दहन व्हावयास हवे, तेही नदीच्या संगमावर. आणि त्या शहरात तशी रीत कोणी पाहिलेली नव्हती. तथापि नगराच्या अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली. आर्नोच्या काठी चिता रचली गेली, आणि कोल्हापूरच्या राजाचे अंत्यविधी त्याच्या धर्मानुसार परक्या भूमीत पार पडले. चार वर्षांनी, १८७४ साली, फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले स्मारक तेथे उभे राहिले.

आज त्या भागाला लोक ‘इंडियानो’ म्हणतात, आणि जवळच १९७० च्या दशकात बांधलेल्या मोठ्या पुलाचे नावही ‘भारतीयाचा पूल’ असेच आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो इटालियनांपैकी कितीजणांना कोल्हापूर ठाऊक असेल? परंतु एका परदेशी मुलाचे मरण त्या नगराने आपल्या भूगोलात सामावून घेतले, हे खरे. आपल्या गावी परमुलखातला कोणी मजूर दगावला, तर त्याच्या धर्माप्रमाणे त्याची माती व्हावी म्हणून आपण किती धावपळ करतो? हा प्रश्न त्या छत्रीखाली बसून आम्ही एकमेकांना विचारला.

अठ्ठेचाळीस वर्षांची मैत्री

फ्लॉरेन्सहून आम्ही उंब्रिया प्रांतातील पेरुजा येथे आलो. कुंद्याचे डबे होते ते येथल्या घरासाठी. १९७६ साली, आमच्यापैकी एक जण शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी असताना, एका मिशनरी मासिकातील पत्रमैत्रीच्या सदरावरून पेरुजाच्या एका समवयस्क मुलीशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघींचे इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे कोणाला कोणाचा संकोच नव्हता. लग्ने झाली, मुले झाली, आईबाप गेले. दोन्हीकडील सुखदुःखे निळ्या पातळ कागदावरून समुद्र ओलांडत राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांनी पेरुजाच्या स्टेशनावर त्या दोघी प्रथमच एकमेकींपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा ओळख पटविण्यासाठी छायाचित्र काढण्याची गरज पडली नाही.

मैत्रिणीची आई नव्वद वर्षांची. कुंद्याचा पहिला घास घेऊन तिने डोळे मिटले आणि मग हळूहळू बोलू लागली. मुलगी इंग्रजी करून सांगत होती. १९४४ च्या उन्हाळ्यात ती दहा वर्षांची होती. टायबरच्या खोऱ्यातील त्यांच्या शेतघराजवळ सावळ्या रंगाचे सैनिक उतरले होते. घरात खावयास काही नव्हते. एका सैनिकाने लोखंडी पत्र्यावर भाजलेली गोल, पातळ, गरम भाकरी तिच्या हातात ठेवली, आणि ती फुंकर घालून कशी खावी हे स्वतःच्या तोंडाने करून दाखविले. तो कोण, कोणत्या गावचा, तिला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते लोक पुढे गेले. “त्यांच्यातले किती परत गेले?” असे तिने आम्हांस विचारले. आम्ही तिच्यापुढे आक्कांच्या काकांच्या नावाचा कागद ठेवला. तिने त्यावरून बोट फिरविले आणि क्रूसाची खूण केली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने आपल्या मोटारीतून आम्हांस मोंतोने या गावी नेले. पेरुजाच्या उत्तरेस, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीवर तटबंदीच्या आत वसलेले हे लहानसे दगडी गाव. भाडोत्री सैन्याचा प्रसिद्ध सरदार ब्राच्चो येथलाच. पंधराव्या शतकात त्याने तलवारीच्या बळावर पेरुजासुद्धा जिंकले. म्हणजे लढाई या गावाला नवीन नव्हे.

याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे लढले. रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगावकडचा हा बावीस वर्षांचा तरुण. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील प्रत्येकजण मेला किंवा घायाळ झाला. ते एकटे उरले. एकटेच ते त्या मोर्च्यावर धावून गेले, हातबॉम्बने तोफ बंद पाडली, शेवटी गोळ्या भरण्यास वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने झुंजले, आणि मोर्चा ताब्यात येताच लपलेल्या शत्रूच्या गोळीने पडले. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील पराक्रमाबद्दल तोच सन्मान लाभला. गोळीबारात आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी घायाळ सोबत्यांना वाहून आणले होते. ते घरी परतले. घाडगे परतले नाहीत.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरसभेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी घाडगे यांच्या नावाने तेथे एक स्मारक उभारले. पुतळा नाही, तोफ नाही. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिन वचन आहे, ‘ओम्नेस सुब एओदेम सोले’, म्हणजे आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन लख्ख होते आणि छाया दुपारची वेळ दाखवीत होती. तोच सूर्य त्या क्षणी माणगावच्या भातखाचरांवर मावळतीकडे झुकला होता. कोणाच्या विजयाची वा पराजयाची गोष्ट ते घड्याळ सांगत नाही. दिवस किती उरला एवढेच सांगते.

असिसी

पेरुजाच्या उंचवट्यावरून, मधल्या सपाट खोऱ्यापलीकडे, डोंगराच्या उतारावर असिसी स्वच्छ दिसते. इतकी जवळ असूनही ही दोन नगरे एकेकाळी हाडवैरी होती. १२०२ सालच्या लढाईत असिसीचा एक श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा घोड्यावर बसून लढावयास गेला, पकडला गेला, आणि सुमारे वर्षभर पेरुजाच्या तुरुंगात पडला. तो मुलगा म्हणजे पुढील काळातील संत फ्रान्सिस. शांतीचा हा संत स्वतः युद्धकैदी होता, हे आपण पुष्कळ वेळा विसरतो. १२१९ साली धर्मयुद्ध चालू असताना ते मिसर देशात दामिएत्ता येथे शत्रूच्या छावणीत निःशस्त्र गेले आणि सुलतान अल्-कामिल यांना भेटले. सुलतानाने त्यांचे ऐकून घेतले आणि सुखरूप परत पाठविले. दोघांपैकी कोणीही आपला धर्म सोडला नाही. परंतु दोघे माणसांसारखे समोरासमोर बसले.

डोंगराखालच्या ‘देवदूतांची राणी मरिया’ या प्रचंड मंदिराच्या पोटात एक चिमुकले दगडी देऊळ आहे, आपल्या गावातील क्रूसाच्या घुमटीपेक्षा थोडेसे मोठे. त्याला पोर्त्सिउंकोला म्हणतात. त्याच्या शेजारीच ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी संत फ्रान्सिस यांनी देह ठेवला. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच मंदिरात जगातील धर्मप्रमुखांचे स्वागत केले. निरनिराळे ख्रिस्ती पंथ, ज्यू, मुसलमान, हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी असे सर्व शांतीसाठी प्रार्थना करण्यास आले होते; दलाई लामाही त्यांत होते. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी बंधुभावावरील आपले परिपत्रक संत फ्रान्सिस यांच्या समाधीपाशीच स्वाक्षरित केले.

परंतु असिसीची दुसरी एक गोष्ट आमच्या मनात अधिक घर करून राहिली. १९४३ च्या सप्टेंबरपासून जर्मन अमलाखाली ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा येथील बिशप जुझेप्पे निकोलिनी यांनी त्यांना लपविण्याचे काम फादर आल्दो ब्रुनाच्ची यांच्यावर सोपविले. मठ आणि धर्मभगिनींचे आश्रम त्यांच्यासाठी उघडले गेले. सुमारे ३०० ज्यूंना आसरा मिळाला. लुइजी ब्रित्सी व त्यांचा पुत्र त्रेंतो हे बापलेक आपल्या छोट्या छापखान्यात त्यांच्यासाठी बनावट ओळखपत्रे छापीत. आणि ज्यूंच्या पवित्र वस्तू व कागदपत्रे बिशपवाड्याच्या तळघरात दडविताना बिशप स्वतः हाती थापी घेऊन भिंत बांधीत आणि फादर ब्रुनाच्ची दिवा धरीत. शांतीचे भाषण देण्याचा अधिकार अशा हातांना येतो, असे आम्हांस वाटते.

‘संत फ्रान्सिसची शांतीची प्रार्थना’ म्हणून जी आपण घरोघरी म्हणतो, ती त्यांनी लिहिलेली नाही, हे पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. १९१२ साली पॅरिसच्या ‘ला क्लोशेत’ नावाच्या एका लहान धार्मिक मासिकात ती प्रथम छापली गेली, लेखकाच्या नावाशिवाय. या साप्ताहिकासारखेच एखादे साधे पत्र, कोणा अज्ञात भाविकाची लेखणी. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले, आणि ती प्रार्थना देशोदेशी पोहोचली.

आणि आपले अंगण

ती प्रार्थना आम्हीही रोज रात्री जपमाळेनंतर म्हणतो. २०२४ सालीही म्हणत होतो. युक्रेनमध्ये २०२२ पासून आणि गाझात २०२३ पासून पेटलेल्या युद्धांसाठी त्यात एक विनंती जोडीत होतो. परंतु त्याच घरात २०१९ साली शेताच्या वाटणीवरून आमचे दोघे पुत्र एकमेकांशी बोलेनासे झाले होते. थोरला बेळगावात, धाकटा वडोदऱ्यास. आमच्याशी दोघेही प्रेमाने वागतात. प्रवासाचा खर्च दोघांनी मिळून केला, तोही निरनिराळा पाठवून. दूरच्या देशांतील शांतीसाठी हात जोडावेत आणि जेवणाच्या पाटावर एक जागा रिकामी असावी, हे दुःख या वाचकांतील किती आईबापांना ठाऊक असेल! बांधाची दोन हात जमीन, विहिरीची पाळी, आजीची एखादी बांगडी: यांवरून तुटलेली घरे प्रत्येक गावात आहेत.

परत आल्यावर आम्ही दोघांनाही उपदेश केला नाही. कासिनोच्या माळ्याची, आर्नोकाठच्या चितेची, नव्वद वर्षांच्या आजीने सांगितलेल्या भाकरीची हकिगत दोघांना स्वतंत्र पत्रांत लिहून पाठविली, आणि एवढेच कळविले की २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आजोबांची कबर झाडून फुले वाहावयाची आहेत. आमच्याने आता वाकवत नाही.

त्या वर्षी २ नोव्हेंबरलाच दिवाळीचा पाडवा आला होता. सुटी असल्यामुळे धाकटा वडोदऱ्याहून आला. सिमितरीत थोरला आधीच गवत काढीत होता. धाकट्याने कबरीच्या दुसऱ्या बाजूने गवत काढावयास सुरुवात केली. पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, “पाणी आण रे, क्रूस धुवायचा आहे.” पाच वर्षांतले ते पहिले वाक्य. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो केव्हा सुटेल हे प्रभू जाणे. परंतु धाकट्याने पाणी आणले.

आक्कांनी तो पेन्सिलीचा कागद चौकटीत बसवून देवघरात ठेवला आहे. ऐंशी वर्षांनंतर त्यांच्या घरी काकांचे पहिले श्राद्ध झाले. नैवेद्याचे ताट आमच्या घरी आले, आणि त्याच आठवड्यात आमच्या देवळात त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण झाली. कायऱ्याच्या त्या अज्ञात जर्मन मुलालाही आम्ही त्याच मिस्सेत आठवले.

वाचक बंधुभगिनींनो, मोठ्या राष्ट्रांचे करारमदार आपल्या हाती नाहीत. परंतु प्रत्येक गावाच्या सिमितरीत अशी एखादी कबर असते, जिच्याकडे कोणी फिरकत नाही. प्रत्येक शेजारात एखादे घर असते, ज्याचा माणूस परत आला नाही. आणि प्रत्येक कुटुंबात एखादे नाव असते, जे जेवताना कोणी उच्चारीत नाही. येत्या नोव्हेंबरात त्यांपैकी एकापाशी एक दिवा लावावा, आणि वारा असेल तर दुसऱ्याने आडोसा धरावा. छाया लांबत आहे. दिवस अजून थोडा उरला आहे. प्रभूची शांती आपणां सर्वांच्या घरी नांदो.